शाळेची वहिवाट मोडू देऊ नका



आवणी आटपल्यावर मी एक दिवस शाळेत गेले. शिकवायला नाय. आपल्या वनहक्क दाव्यांच्या झेरॉक्स वर्गातल्या लोखंडी कपाटात ठेवल्यात, त्यांना वाळवी लागली का ते बघायला. आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्यांची. पुढची खोली तांदूळ-डाळ वाटायला अधूनमधून उघडायचे. वर्गाची खोली उघडलीच नव्हती. कुलूप गंजलेलं, तेल सोडून दगडाने ठोकलं तेव्हा सुटलं. आत गेले तर फळ्यावर गुरुजींच्या अक्षरात मार्च २०२० मधली तारीख. कोपऱ्यात, रोज लिहितात तसं: पट १९, हजर १६.

दावे बरे होते. मी फळ्याकडेच बघत राहिले. त्या दिवशी गैरहजर असलेले तिघे कोण, हे गुरुजींना माहीत असणार, आणि वर्गातल्या पोरांना तर गुरुजींपेक्षा जास्त माहीत असणार. एखादा तापाने पडलेला, एखादी मामाच्या गावी, एखादा शेळ्यांमागे. मग मी बोटं मोजत बसले, ही एकोणीसच्या एकोणीस पोरं आज कुठे आहेत. चौदांचं सांगता आलं. पाचांचं सांगता येईना. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, संघटनेचं काम करते, पाड्यात रोज फिरते. तरी पाच पोरं माझ्या हिशेबातून निसटली आणि मला कळलंही नाही.

म्हणून हे लिहायला घेतलं. बैठकीत मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांचंही यात म्हणणं आलं पाहिजे.

आपल्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. प्लॉट दोन वर्षं पडीक टाकला तर काय होतं? फॉरेस्टवाले येतात, चर खणतात, रोपं लावतात, आणि वर विचारतात तुमचा कब्जा कुठाय. म्हणून घरात कुणी आजारी असलं, बैल नसला, तरी आपण कुदळीने कोपरा उकरतो आणि मूठभर नागली टाकतो. पीक हाती लागलं नाही तरी वहिवाट मोडू देत नाही. शाळेचीही अशीच वहिवाट असते, आणि ती मार्च २०२० नंतरचं सव्वा-दीड वर्ष मोडत चालली होती.

घाबरवायला सांगत नाही. २०१७ साली सरकारने राज्यातल्या दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून त्यातली पोरं जवळच्या शाळेत घालायचं ठरवलं होतं. जवळची म्हणजे कागदावर जवळची. कागदावर ओहोळ नसतो आणि पावसाळाही नसतो. आता आमचाच हिशेब घ्या. एकोणिसातली चौथीची पोरं निघून गेली. काहींचा पत्ता नाही. नवी पोरं सहा वर्षांची झाली पण त्यांचं नाव घालायला कुणी शाळेत गेलंच नाही, कारण शाळा बंद होती. उद्या पट मोजायला साहेब आला तर आकडा किती निघेल? तेव्हा मोर्चा काढू म्हणाल, तर काढू. पण मोर्च्यात दाखवायला पोरं लागतील.

सरकार म्हणत होतं, शाळा बंद पण शिक्षण सुरू. काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून टिलीमिली लागायचं, रेडिओवर धडे व्हायचे. आदिवासी विकास विभागाने अनलॉक लर्निंग म्हणून कार्यक्रम काढला, आश्रमशाळेच्या शिक्षकांनी पोरांच्या गावी जाऊन शिकवायचं असं ठरलं. काही शिक्षक खरोखर आले. मोटरसायकलच्या मागे पुस्तकांचा गठ्ठा बांधून, चिखलातून गाडी ढकलत आले. त्यांचं नाव आपण काढलं पाहिजे. पण सगळ्यात जास्त जे आलं ते मोबाईलवर आलं, आणि मोबाईल आमच्याकडे कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे.

घरात एक फोन. तो माणसाबरोबर वसईला कामावर. तो आला की फोन आला, तो गेला की शाळा गेली. ज्यांच्याकडे फोन घरी राहतो त्यांच्यात निम्म्यांचे बटणाचे. महिन्याचं रिचार्ज म्हणजे बाईची एका दिवसाची मजुरी. नेटवर्क वरच्या टेपाडावर आंब्याच्या बुंध्याशी, तेही हात वर केला तर. लिंक यायची सकाळी अकराला, अकराला आम्ही गुडघाभर चिखलात आवणी करत असणार. माझा धाकटा एकदा भावाचा फोन घेऊन त्या आंब्याखाली तासभर बसला. उतरला तेव्हा विचारलं, काय शिकवला? तर म्हणतो, "आये, नुसता गोल फिरत होता." पडद्यावरचं चाक. तासभर पोरगा ते चाक बघत बसला होता आणि त्याला वाटलं, हीच आजची शाळा.

पण नेटवर्कचं रडगाणं सगळेच गातात. मी जरा वेगळं म्हणते. समजा उद्या प्रत्येक घरात फोन आला, टेपाडावर टॉवर आला. तरी एक काम फोनला जमणार नाही. शाळेत पोरगा दोन दिवस आला नाही की गुरुजी विचारतात, तो का नाय आला रे? कुणीतरी पोर ओरडतं, गुरुजी त्याचा बाप दारू पिऊन मारला त्याला. किंवा, गुरुजी ती आता यायची नाय, तिला बघायला आले होते. मग गुरुजी त्याच्या शेजारच्या पोराला पाठवतात, नाहीतर मधल्या सुट्टीत स्वतः जातात. घरी जाऊन आईशी बोलतात. आई लाजते, चिडते, उद्या पाठवते म्हणते. ही जी विचारपूस आहे ती शाळेच्या पुस्तकात कुठे लिहिलेली नाही, पण तिच्यावरच शाळा उभी असते. फोनच्या ग्रुपवर धडा पडला की खाली दोन निळ्या रेघा येतात. कुणी बघितला तेवढंच कळतं. ज्याने बघितला नाही तो का बघत नाही, हे विचारायला ग्रुपवर कुणी नसतं, कारण ज्याच्याकडे फोन नाही तो त्या ग्रुपमध्येच नाही. म्हणजे जो सगळ्यात आधी निसटणार, तोच यादीत नाही. शहरात जिथे प्रत्येकाच्या हातात फोन होता तिथेही पोरं अशी निसटली असणार, असं मला वाटतं. आपल्याकडे ती जास्त निसटली एवढंच.

आश्रमशाळेच्या पोरांचं तर याहून वेगळं झालं. माझी मोठी मुलगी सातवीत गेली आहे असं म्हणतात. म्हणतात, कारण सहावीचा वर्ग तिने पाहिलेलाच नाही. पाचवीतून पेटी उचलून घरी आली ती आलीच. पोरगी रिकामी बसली नाही, हेही सांगते. आजीबरोबर रानात फिरून कुठला कंद किती पाण्यात उकडायचा, कुठला धुऊनही खायचा नाही, हे शिकली. आवणी तर माझ्यापेक्षा सरळ करते. हे सगळं शिक्षणच आहे आणि ते आश्रमशाळेत राहून तिला मिळालं नसतं. पण तिच्या मैत्रिणी तीन तालुक्यांत विखुरलेल्या. एक मोखाड्याच्या पलीकडे, एक विक्रमगडकडे, दोघी आणखी कुठे. पाड्याची नावं माहीत, फोन कुणाकडेच नाही. रात्री एका गादीवर झोपणाऱ्या पोरी, आणि वर्षभर एकमेकींचा काही निरोप नाही.

मग गंमत झाली. खावटीचे फॉर्म भरायला तिच्याच शाळेतले एक सर आमच्या पाड्यावर आले. पोरगी दाराआड उभी. सर निघाले तेव्हा तिने वहीतला कागद फाडून दिला, म्हणाली सर तुम्ही तिकडे जाल तेव्हा हिला द्या. सरांनी खिशात घातला. मला वाटलं हरवणार. महिन्याने दुसऱ्या कुणाच्या तरी हातून उत्तर आलं. चार ओळी. मांजरीला पिल्लं झाली, आजा वारला, पुस्तकं मिळाली का, शाळा कधी. माझ्या पोरीने तो कागद इतक्या वेळा वाचला की घडीवर फाटला. आणि त्या आठवड्यात तिने आपणहून पुस्तक काढलं. वर्षभरात एवढं कुठल्या लिंकने झालं नव्हतं. मला तेव्हापासून वाटतं, फॉर्म घेऊन शिक्षक घरोघर फिरतच होते. प्रत्येकाच्या पिशवीत पोरांच्या चिठ्ठ्या दिल्या असत्या तर? पैसा लागला नसता, रेंज लागली नसती. कुणाला सुचलं नाही. आम्हालाही नाही.

आमच्या चुका आता सांगते, नाहीतर हे सगळं सरकारवर ढकललं असं होईल. पहिल्या लाटेत आम्ही पाड्याच्या रस्त्यावर काटे टाकले. बाहेरचा माणूस आत नको. बरोबरच होतं तेव्हा. दवाखाना लांब, गाडी नाही, आजार आत आला असता तर म्हातारी माणसं गेली असती. पण त्या काट्यांच्या पलीकडे एकदा गुरुजी उभे राहून गेले. स्वाध्यायाचे कागद घेऊन आले होते, कागद दगडाखाली ठेवून परत गेले. नंतर काटे काढले, बाजार सुरू झाला, भट्टीचा मुकादम आला, दुकानदार आला, तेलवाला आला. गुरुजींना या म्हणायला मात्र कुणी गेलं नाही. आता जुलैत विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले, मला वाटलं तुम्ही येऊ देणार नाही. आम्ही म्हटलं, आम्हाला वाटलं तुम्हाला यायचं नाही. दोघंही घरी बसून होतो आणि मधे पोरं.

तर त्या दिवशी कपाटातलं जुनं हजेरीपुस्तक बाहेर काढलं आणि रात्री बैठकीत नेलं. दाव्यांचं बोलून झाल्यावर मी नावं वाचली. एकेक नाव घ्यायचं, कुठे आहे विचारायचं. आधी बाप्ये हसले, ही काय आमची हजेरी घेते. मग हसू थांबलं. पाचांपैकी तिघांचा पत्ता बायांनी तिथेच सांगितला. चौथी मुलगी जव्हारला मावशीकडे, तिचं लहान पोर सांभाळायला. चौथी पास झाली, पाचवीला कुठल्याच शाळेने नेली नाही आणि कुणी घातली नाही. पाचवा पोरगा आईबापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला होता. भट्टी पावसात बंद होते, तरी ते परतले नव्हते. बयाणा फिटला नाही म्हणून मालकाच्याच दुसऱ्या कामावर राहिले. हे त्याच्या चुलत्याला माहीत होतं. कुणी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

मग एक म्हातारी म्हणाली, माज्या नातवाचा नाव कशाला नाय वाचला? नातू साडेसहा वर्षांचा. त्याचं नाव पुस्तकात नव्हतंच. अशी आणखी निघाली. मला वाटलं होतं यादी छोटी होईल, ती सत्तावीसवर गेली. यातल्या कितीतरी पोरांनी गुरुजींना पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी शाळा म्हणजे जिथे तांदूळ मिळतो ती खोली.

गेले पाच आठवडे आम्ही काय केलं ते थोडक्यात. पाड्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या आळीत एकेक ओटा ठरवला. दिवे लागायच्या आधी पोरं तिथे जमतात. पहिलं काम हजेरी. नसेल त्याच्या घरी लगेच दोन पोरं धावतात. मोठी मुलं लहानांना वाचून दाखवतात, पाढे घेतात. दहावीला दोनदा नापास झालेला एक पोरगा आहे, तो खालच्या ओट्यावर बसतो आणि नापास होऊनही फार छान शिकवतो. गुरुजी बाजाराच्या दिवशी येतात, तोंडाला रुमाल बांधून अंगणात बसतात, तिन्ही ओट्यांच्या वह्या बघतात. सुरुवातीला सगळं पुस्तकातलंच चालायचं, पोरं कंटाळली. मग गुरुजींनीच सांगितलं, आपल्या शेतांची नावं लिहा. प्रत्येक तुकड्याला नाव असतंच की, कुठल्या झाडावरून, कुठल्या भुतावरून, कोण तिथे मेला त्यावरून. पोरांनी म्हाताऱ्यांना गाठलं. आता नावं लिहिताना ती आपल्या बोलीत लिहितात. शाळेच्या मराठीत सांगायला लावलं की जी पोरगी गप्प बसायची ती आता बोलते. आणि आमच्या वनहक्क समितीला यातून आयतं मिळालं. कायद्याच्या नियमात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरतात. एका आज्याचा जबाब त्याच्या चौथीतल्या नातीने लिहून घेतला. शुद्धलेखन सोडा, पण तिने विचारलेले प्रश्न वकिलाला सुचले नसते.

सगळं गोड चाललं आहे असं समजू नका. निंदणी आली की हजेरी अर्ध्यावर येते. दोन आळ्यांचं जुनं भांडण आहे, त्यामुळे मधला ओटा चार दिवस बंद होता. जव्हारची मुलगी अजून परत आली नाही. तिच्या आईशी मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा जाणार आहे.

असं काही आपल्या भागात नवीन आहे असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी पोरांना दोष दिला नाही, शाळा पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं अंगणातही येत नव्हती, तर शाळा कुरणात नेली. कुरणशाळा म्हणत तिला. त्याच १९४५ च्या मे महिन्यात, तिथून जवळच झरीला वारल्यांची परिषद झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. आपल्या सभांमध्ये झरीचं नाव नेहमी निघतं, बोर्डीचं निघत नाही. निघायला पाहिजे. आणि लांब झारखंडात, दुमका जिल्ह्यात, २०२० साली संथाळ आदिवासींच्या गावांत शिक्षकांनी घरांच्या मातीच्या भिंतींवरच फळे रंगवून घेतले, एकेका पोराचा एकेक फळा. दुसऱ्या एका गावात भोंगे बांधून त्यावरून शिकवलं. पोरं अंतर ठेवून बसली, पण गावातच, एकमेकांच्या नजरेत बसली.

आता संघटनेतल्याच काही साथींचा आक्षेप आहे, तो महत्त्वाचा आहे. ते म्हणतात, पगार मास्तर घेतो, शाळा चालवणं सरकारचं काम. आपण ओट्यावर चालवून दाखवली तर सरकार म्हणेल, बघा यांना शाळेची गरजच नाही, लावा कुलूप. ही शंका मला पण येते. आपली मेहनत दाखवून त्यांनी आपली जबाबदारी झटकली, असं रस्त्यात झालंय, पाण्यात झालंय. पण जमिनीत आपण काय करतो? दावा मंजूर व्हायची वाट बघत नांगर बाजूला ठेवतो का? कसत राहतो आणि भांडतही राहतो. कसतो म्हणूनच भांडता येतं. मात्र एक पाहिजे. ओट्यावरची हजेरी नुसती तोंडी नको, वहीत पाहिजे, तारखेसह पाहिजे, आणि त्यावर आठवड्याला गुरुजींची सही पाहिजे. उद्या पट कमी म्हणून कुणी आलं तर ती वही आपला पुरावा. आणि वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहायचं, ही शाळा नाही, शाळा उघडेपर्यंत पोरं धरून ठेवायची सोय आहे. दहावी नापास पोराच्या जिवावर सरकारने शिक्षक वाचवायचे, हे आपल्याला मान्य नाही.

कायदा आपल्या बाजूने थोडाफार आहे, तो वापरू या. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला पाहिजेत. किती पाड्यांत त्या बायांना आपण समितीत आहोत हे माहीत आहे? सहीपुरती समिती असेल तर ती जागी करा. पोराला शक्यतो त्याच्या मातृभाषेत शिकवावं हेही त्याच कायद्यात आहे. वनहक्क कायद्यात, कलम ३ (२) मध्ये, गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येते: शाळा, अंगणवाडी, दवाखाना, विजेच्या आणि टेलिफोनच्या लाईनी. एका कामाला एक हेक्टरच्या आत आणि हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं न तोडता. पण शिफारस ग्रामसभेची लागते. म्हणजे जंगल आहे म्हणून शाळेची खोली होत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकून गप्प बसू नका, शिफारस करा आणि पोच घ्या. टॉवर, लाईन हेही मागा. फोनला मी वाईट म्हटलं, तरी मागायचं सोडायचं नाही.

१५ जुलै २०२१ पासून ज्या गावात महिनाभर रुग्ण नव्हता तिथे आठवीपासून वरचे वर्ग सुरू करायला सरकारने परवानगी दिली, ग्रामपंचायतीने ठराव केला तर. कितीतरी पंचायतींत तो विषय निघालाच नाही. तुमच्या पंचायतीत निघाला का, विचारा. नसेल तर सरपंचाकडे पालकांनी घोळक्याने जा. लहानांचे वर्ग तेव्हा बंदच होते. त्यांच्यासाठी निदान गुरुजी आठवड्यातून दोन दिवस पाड्यावर यावेत, असा ठराव आपण आपल्या पाड्याच्या बैठकीत करून पंचायत समितीला देऊ शकतो. आम्ही दिला आहे. उत्तर आलं नाही, पोच आली आहे.

खरी घाई दुसरीच आहे. वाघबारस झाली, दिवाळी झाली, भात झोडून झालं की आपली माणसं जगायला निघतील. यंदा हातात काही नाही, त्यामुळे दरवर्षीपेक्षा जास्त निघतील आणि पोरांना घेऊन निघतील. मुकादम पाड्यांत फिरायला लागले आहेत, काही घरांत बयाणा पोचला पण. जाऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही, मला तो अधिकार नाही. पण जाण्याआधी दोन गोष्टी. पोर आजीआजोबांकडे राहू शकत असेल तर राहू द्या, ओट्यावरची पोरं त्याला बघतील, खाण्याचं आपण पाड्याने मिळून बघू. आणि न्यावंच लागलं तर गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड लिहून घ्या. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत पोराला बसवून घ्यावं लागतं. भट्टी कुठे, मालक कोण, मुकादम कोण, हे जाताना वहीत लिहून ठेवा. मजुरी बुडाली तर तेही कामाला येईल.

आश्रमशाळेच्या पोरांचं मी प्रकल्प कार्यालयात जाऊन बोलायचं म्हणते, एकटीने नाही, चार-पाच पाड्यांच्या आयांनी मिळून. कोणती पोरं कुठे आहेत याची यादी त्यांच्याकडे आहे का, आणि पाचवीला जायची जी पोरं मधल्या मधे राहिली त्यांना कोण नेणार, एवढे दोनच प्रश्न. तोपर्यंत आपल्या पोरींच्या चिठ्ठ्या आपणच पोचवू या. संघटनेच्या बैठकांना आपण मोखाडा, विक्रमगड, डहाणू असे फिरतोच. माझ्या पिशवीत सध्या सहा चिठ्ठ्या आहेत. त्यातल्या दोन तलासरीकडच्या आहेत, तिकडून येणाऱ्या साथींनी माझ्याकडून मागून घ्याव्यात.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने आपली यादी आणायची आहे. सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक पोर, नाव, आज कुठे आहे, कुणाबरोबर आहे. शाळेत नाव असो नसो. ज्याचं माहीत नाही त्याच्यापुढे जागा रिकामी ठेवा, खोटं भरू नका. कुठलीही वही चालेल.